धरणारा

दवाखाना पहिल्या मजल्यावर, खाली झेरॉक्सचं दुकान.
कुत्र्यांना झेरॉक्सपाशीच कळतं.
तिथवर शेपटी वर, माहीमची अख्खी गल्ली बापाची;
तिथून पुढे चार पाय म्हणजे चार खुंट्या
आणि जिन्याच्या सतरा पायऱ्या
मालकाने कडेवर घेऊन चढायच्या.

एकोणीस वर्षं माझं काम एकच. धरायचं.
डावा हात मानेखालून, उजवा पोटाखालून,
त्याची पाठ आपल्या छातीला घट्ट.
कदममामा शिकवून गेले: आधी पकड, माया मागनं.
मनगटावर तीन खुणा आहेत.
त्यातली एक पॉमेरियनची, ती मी कुणाला सांगत नाही.

बाकड्यावरची माणसं हसतात,
बघा कशी जांभई देतोय, झोप आली शोन्याला.
झोप नसते ती.
ओठ चाटतो तेव्हा भूक नसते,
डोळ्यांची पांढरी कड दिसते तेव्हा
तो कुणाकडेच बघत नसतो.
आणि टेबलावरून उचलला की
स्टीलवर चार ओले ठसे राहतात.
कुत्र्याला घाम फुटतो तो तळव्यांना.
मी फडका मारतो. फिनेलचा वास येतो, मला.
पुढच्याला काय वास येत असेल
ते त्याच्या गळणाऱ्या केसांवरून कळतं;
दुपारपर्यंत माझा शर्ट
कुणाकुणाच्या भीतीने लोकरीचा होतो.

मंगळवारी मथुरा तांडेल आली, बांगड्याला घेऊन.
बांगडा म्हणजे तिचा कुत्रा. अंगावर तसेच पट्टे,
किनाऱ्यावर बैलाएवढ्या लाटेवर भुंकणारा,
इथे आला आणि बाकड्याखाली गेला.
मी बाही वर केली.
नव्या डॉक्टर तळपदे म्हणाल्या, थांबा वसंत.
आणि खाली बसल्या. फरशीवर. चांगल्या साडीत.

काही केलं नाही त्यांनी.
पाठ अर्धी वळवून औषधाच्या खोक्यावरची बारीक अक्षरं
वाचत राहिल्या.
मथुराने पाटीखालचं चुंबळीचं फडकं काढलं,
त्याच्या पुढ्यात टाकलं.
बाहेर पाच जण ताटकळलेले. एकाने घड्याळ दाखवलं मला,
जसं काही घड्याळ मीच धरून ठेवलंय.

किती वेळ गेला? एक चहा गार होईल इतका.
मग बाकड्याखालून आधी नाक आलं,
मग फडक्यावर हनुवटी,
मग एक लांब उसासा, म्हाताऱ्या माणसासारखा.
सुई कधी गेली ते त्याला कळलं असेल,
पण त्याने कान हलवला, एवढंच.

माझे हात?
ते असेच लोंबत होते दोन्ही बाजूंना,
सुट्टीच्या दिवशी शाळेत आलेल्या पोरांसारखे.

सगळं असं होत नाही.
पुढचा रॉटवायलर होता, पंचेचाळीस किलो,
त्याला जाळीही लागली आणि मीही लागलो.
खोटं कशाला बोलू.
पण धरताना पहिल्यांदा वाटलं,
त्याचं काळीज माझ्या बरगडीवर वाजतंय
ते थांब म्हणतंय की सोड म्हणतंय
हे मी एकोणीस वर्षांत विचारलं नाही.
बोटभर ढिला केला हात. बोटभरच.

आमच्या गल्लीतली कुत्री मला ओळखतात.
मी आलो की पलीकडच्या फुटपाथला जातात.
साबण बदलून पाहिला, चपला बाहेर काढून पाहिल्या;
बायको म्हणते, यमाचा वास असेल तुम्हाला.

मंगळवारी हाताला मासळीचा वास होता,
फडकं मीच उचललं होतं ना.
दुधाच्या केंद्रापाशी ती तपकिरी, एका कानाची,
जागची उठली नाही.
मी हात पुढे केला, तळवा वर, लांबूनच.
तिने हुंगलं.
बराच वेळ हुंगलं, मासळीच्या खाली काय आहे तिथपर्यंत.
मग शिंकली,
आणि सावकाश, न पळता,
पलीकडे गेली.